वरचं सप्तक

"पाचवं गाणं राह्यलं," नजमा म्हणाली.

जाहिदची बोटं पेटीवर तशीच थांबली. आरमोरीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे समोरच्या खोलीत चाळीस वर्षं पेटी-दुरुस्तीचं दुकान चाललं होतं आणि आता नुसतं एक रिकामं बाकडं उरलं होतं, तिथे भर दुपारी बहीण-भाऊ समोरासमोर बसले होते. जाहिद सकाळच्या गाडीने चंद्रपूरहून आला होता. त्याच्या कादंबरीचं नाटक बसत होतं, धान कापून झालं की पहिला प्रयोग इथेच, आरमोरीत होणार होता, आणि त्याची गाणीही त्यानेच रचली होती. चार गाणी त्याने बहिणीला म्हणून दाखवली आणि वही मिटली. पण वहीच्या पहिल्या पानावर पाच गाण्यांची यादी होती, आणि ती नजमाने वाचली होती.

"त्याचं काही नाई, आपा. गमतीचं गाणं हाये. आपल्या इकडच्या नाटकात एक तरी पायजेच, नाई तं लोक उठून चहाले जाते."

"मंग गंमत मले नाई दाखवायची का?"

तो जरा घुटमळला. मग भाता ओढून, तिच्याकडे न बघता, ठेक्यात म्हणू लागला...

आमची आपा तुसडी बाई,
कान दोन पर सूर नाई,
कोयल बोलली झाडावर तं
म्हणे कोंबडी हाकला बाई...

नजमा हसली. खरोखर हसली, कारण चाल फार नामी होती. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप ठेका धरतील अशी. पण शेवटच्या ओळीला पेटीवरचा वरचा सा लागला आणि तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटली. तो सूर उतरला होता. त्याच्या शेजारचे दोनही उतरले होते. तळ्याच्या पाण्यावर वारा फिरावा तशी त्यांच्यात लहर उठत होती... जाहिदला ती ऐकू येत नव्हती. तो डोळे मिटून गात होता.

तिने ओठ घट्ट मिटले.

"वाईट नाई वाटलं ना?" त्याने विचारलं.

"गाणं हाये. गाण्याचं काय वाईट वाटायचं?"

"अब्बांची हीच पेटी मंचावर ठेवीन म्हणतो. त्यांचं पात्र हिच्यासमोर बसंल, अन् मागं मनसारामभाऊ हिच्यावरच साथ करतील असं बसवलं हाये. शुक्रवारी थे येऊन घेऊन जातील. तू फक्त धूळ पुसून ठेव."

त्याला साडेचारची परतीची बस होती. तो गेला, आणि ती पेटीसमोर एकटीच बसून राहिली.

सहा वर्षांपूर्वी अब्बा गेले तेव्हापासून ती अशीच एकटी होती. सकाळी चार घरी शिलाईचे कपडे पोचवावेत, दुपारी मशीन चालवावी, एकटीपुरता भात रांधावा. दिवसभरात कुणाशी दहा वाक्यं बोलणं झालं तर तो दिवस बोलका गेला असं तिला वाटे. पण एकटेपणाचं तिला भय नव्हतं. जाहिद दीड वर्षाचा असताना अम्मी गेली, तेव्हा नऊ वर्षांच्या नजमाने त्याला कडेवर घेतलं होतं, आणि तो कडेवरून उतरला तो थेट पुस्तकांतच शिरला... त्याचं तिला केवढं कौतुक होतं!

त्याची लिहिण्याची रीतही वेगळी. कुठलंही प्रकरण लिहायचं, तर आधी तो त्या प्रकरणाची चाल शोधायचा. एका मांडीशी पेटी, दुसऱ्या मांडीशी वही. प्रकरणात मरण असलं तर चाल आनंदाची, लग्न असलं तर चाल उदास. असं का, हे त्यालाही सांगता येत नसे. चाल सापडली की तो गुणगुणतच लिहायचा, आणि लिहून झालं की पहिल्यांदा आपाला वाचून दाखवायचा. नागपुरात शिकत असताना सुट्टीला आला की, आणि पुढे चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर फोनवरून. पहिल्या दोन कादंबऱ्या तिने अशाच ऐकल्या. मशीनचं चाक थांबवून, फोन खांद्यावर धरून. त्याने चाली लावलेल्या अकरा नाटकांची गाणीही ती नाटकं बसण्याआधी तिने ऐकली होती.

तिसरी कादंबरी मात्र त्याने तिला ऐकवली नाही.

'कानाचा कारागीर' हे तिचं नाव; आता नाटक बसत होतं ते तिचंच. अब्बांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी ती आली आणि गाजली. पेपरांत लिहून आलं, बक्षीस मिळालं. नजमाने ती वाचनालयातून आणून चार दुपारींत वाचली. तिच्यात अब्बा, नूर मोहम्मद, होते, हुबेहूब. शेवटच्या श्वासापर्यंत सोन्याचा कान असलेला, सुराच्या थरथरीवरून पेटीचं दुखणं ओळखणारा कारागीर. आणि त्यांच्या घरात एक बहीण होती. फटकळ, तुसडी, सुरांच्या बाबतीत ठार बहिरी. त्या स्वभावापायीच तिचं लग्न झालं नाही असंही लिहिलं होतं, दीड ओळीत.

पुस्तक मिटून तिने ते वाचनालयात परत नेऊन दिलं होतं. दोन दिवस उशीर झाला म्हणून तिथल्या बाईंनी टोकलं, तेव्हा ती त्यांच्यावर उगाचच खेकसली होती... आणि रस्त्यात तिला वाटलं, तुसडी तर खरंच हाये मी.

पण बहिरी?

तिला दिसू लागली ती एकोणिसाव्या वर्षीची नजमा. वडशाच्या एका नाटक मंडळाची पेटी अब्बांनी सुरात लावून दिली होती, आणि तिसऱ्या दिवशी मंडळाचा माणूस ती घेऊन परत आला होता. रागाने नव्हे, संकोचाने. "भाऊ, वरचे सूर जरा पाहून देजा," एवढंच तो म्हणाला. अब्बांनी पेटी उघडली, वरच्या सप्तकातला एक सूर वाजवला, मान हलवली आणि म्हणाले, "बराबर तं हाये." तो बरोबर नव्हता. मागच्या खोलीत भाजी चिरणाऱ्या नजमाला तो टोचत होता. त्या क्षणी तिला समजलं, अब्बांना बारीक सूर ऐकू येईनासे झाले आहेत... आणि ते अब्बांना समजलेलं नाही.

ज्या माणसाची सगळी इज्जत कानात, त्याला त्याचा कान गेला हे कुणी सांगावं?

लहानपणापासून त्यांच्याजवळ बसून तिने सगळं पाहिलं होतं. पेटीच्या पोटात प्रत्येक सुराची पितळेची एक जीभ असते. टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, मुळाशी फिरवली की उतरतो. आणि कानस इतकी हलकी फिरवायची की पितळेला नुसतं कळलं पाहिजे. दोन सूर जोडीने वाजवायचे. जुळत नसतील तर लहर येते. जसजसे जुळतील तसतशी लहर संथ होत जाते, आणि मग पाणी निवांत होतं. त्या दिवशी अब्बा दुपार कलल्यावरच्या, असरच्या नमाजाला मशिदीत गेले, आणि नजमाने पहिल्यांदा कानस हातात घेतली. ते परतेपर्यंत वरचं सप्तक लागलं होतं, कीस पुसलेला होता, आणि ती पुन्हा भाजी चिरत होती.

मग तेवीस वर्षं तेच चाललं. अब्बांनी पेटी लावायची, नमाजाला जायचं. तिने वरचे सूर पुन्हा लावायचे. कुणाला संशय येऊ नये म्हणून तिने आपणहून एक पांघरूण घेतलं. गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "काय बाई, कशी वाजते?" तर ती म्हणायची, "मले काय समजते त्यातलं? मले सगळ्या पेट्या सारख्याच वाटते." तेच जाहिद लहानपणापासून ऐकत मोठा झाला. तिने सांगितलेलं खोटंच त्याने पुस्तकात लिहिलं होतं. त्याचा तरी काय दोष?

आणि गोंडपिपरीचं स्थळ... शाळेत मास्तर होता तो. बोलताना हळूच हसायचा. एक दिवस येऊन बसला, चहा पिऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी होकार आला. नजमा म्हणाली, "मले नाई करायचं." का, ते कुणाला सांगता येणार होतं? ती गेली असती तर एका हंगामात अब्बांचं नाव पुसलं गेलं असतं. अब्बा तेव्हा तिच्याकडे पाठ करून कानस पुसत बसले होते. पुष्कळ वेळ. काही बोलले नाहीत. रागावले असतील, असं ती धरून चालली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. पेटी बाकड्यावर तशीच होती. नजमाने धूळ पुसली आणि हात मागे घेतला.

पेटी तशीच दिली, तर प्रयोगात कोयल-कोंबडीच्या गाण्याला वरचा सा फुटका लागणार. नाटक कशाचं? तर सोन्याच्या कानाच्या माणसाचं! आणि झाडीपट्टीतल्या, या नाटकवेड्या मुलखातल्या प्रेक्षकांचे कान काही लाकडाचे नाहीत. ते हसतील, आणि ते आपाला नव्हे, अब्बांना हसतील. पेटी लावून दिली, तर आपल्याच गावात, आपल्याच हाताने लावलेल्या सुरावर लोक आपल्याला हसणार. उद्या वाणसामान आणायला गेलं तरी पोरं मागून म्हणतील, कोंबडी हाकला बाई... जाहिद चंद्रपूरला जाईल, मंडळ पुढच्या गावाला जाईल. राहायचं तिला होतं, इथे.

गुरुवारी दुपारी तिने शिलाई मशीनवर कपडा झाकला. दाराला आतून कडी घातली, जुन्या सवयीने. पेटीचं झाकण काढलं. सहा वर्षांत हात थोडा जड झाला होता, डोळ्यांना चष्मा लागला होता; पण कान... कान जागेवर होता. लहर आली. टोकाशी कानस फिरली. पुन्हा सूर, पुन्हा लहर, जरा संथ. ती रडत होती, आणि रडताना श्वासाचा आवाज होतो म्हणून श्वास रोखून धरत होती, कारण श्वासाच्या आवाजात लहर ऐकू येत नाही. उन्हं कौलांवरून उतरली तेव्हा वरचं सप्तक निवांत झालं होतं.

शुक्रवारी मनसारामभाऊ आले. सत्तरीचे, वाळलेले. पावसाळ्यात तळ्यावर मासे मारायचे आणि हिवाळ्यात नाटकाला पेटी वाजवायची, असं त्यांचं आयुष्य. चहा नको म्हणाले आणि बाकड्यावर बसून पेटी ओढून घेतली. खालपासून वरपर्यंत एकदा बोटं फिरवली. वर पोचल्यावर थांबले. पुन्हा वरच गेले.

"हा तुहा हात हाये, बाई," ते म्हणाले.

नजमाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "माहा? मले काय समजते भाऊ, मले तं सगळ्या पेट्या..."

"सारख्या वाटते. ऐकलं हाये थे. वीस वर्षं ऐकून राह्यलो." म्हातारा हसला. "नूरभाऊ वरचे सूर दबके ठेवत. तुहे मोकळे असते. आम्ही सगळे पेटीवाले वळखतो. मुखरू पेटीवाला होता, थो तं म्हणे, नूरभाऊ नमाजाले गेल्याबिगर पेटी घेऊन जायचीच नाई."

"सगळे?" तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"सगळे. कुणी बोललं नाई, कारण नूरभाऊंनी शपथ घातली होती."

नजमाने तांब्या खाली ठेवला. "अब्बांनी?"

मनसारामभाऊंनी भाता बंद केला. "एक डाव मी त्यायले म्हणलो, भाऊ, यंदा वरचे सूर लई सुंदर लावले. त्यायच्या डोळ्याले पाणी आलं. म्हणले, पोरीनं लावले. मले ऐकू नाई येत आता. तिले वाटते मले माहीत नाई; राहू दे तसंच. तिले समजलं, तं ती माह्यासमोर मान वर करून बसणार नाई. मी गेल्यावर सांगजा... म्हून सांगितलं होतं मले. पर थे गेले, अन् मी आज सांगू उद्या सांगू करत राह्यलो, तेवढ्यात पोराचं पुस्तक छापून आलं. आता छापलेल्याले मी खोटं कसं म्हणू? मी सातवी नापास माणूस. मले वाटलं, पुस्तकात आलं म्हणजे तुमच्या घरात ठरवूनच लिहिलं असंल."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. नजमा जमिनीकडे पाहत होती. तिच्या अंतःकरणात एकच प्रश्न उभा राहिला होता आणि तो विचारायचं तिला भय वाटत होतं.

"भाऊ... गोंडपिपरीचे लोक आले होते, तेव्हा... तेव्हा माहीत होतं का अब्बांना?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"होतं."

"मंग काऊन नाई बोलले? एक शब्द? जा म्हणले असते तं गेली असती मी. मी त्यायच्याचसाठी..."

"त्या हंगामात चौदा पेट्या होत्या दुकानात, पोरी. अन् जाहिद शिकून राह्यला होता. थे भेले. मले म्हणले, मनसाराम, मी आज माह्या पोरीचं आयुष्य खाल्लं. असं म्हणले होते. आता मी काय सांगू... माणूस भेते."

ते पेटी उचलून गेले. तेवीस वर्षं तिने जे गुपित छातीशी धरून ठेवलं होतं, ते गुपित नव्हतंच. सगळ्या झाडीतले पेटीवाले तिला ओळखत होते, तिचा मान ठेवून गप्प होते, आणि ती मागच्या खोलीत स्वतःला जगात एकटी समजत बसली होती. कुठलं दुःख मोठं, हे तिला ठरवता येईना. अब्बांना तिचा हात कळला होता, याचा एक क्षण आनंद व्हावा; आणि दुसऱ्या क्षणी त्या पाठमोऱ्या माणसाचा इतका राग यावा, की जाऊन कबरीपाशी उभं राहून विचारावं... कानस कुणासाठी पुसत होता तुम्ही?

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, जाहिद दारात उभा होता. हातात काही नव्हतं, पिशवीसुद्धा नाही. फक्त नाटकाची वही.

"मनसारामभाऊंचा फोन आला होता," तो म्हणाला, आणि चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसला. तीन कादंबऱ्यांतून माणसांना धाय मोकलून रडवणाऱ्या त्या लेखकाला आपल्या बहिणीपाशी एक वाक्य धड जुळवता येईना. "आपा, मी तुले... मले माहीत नव्हतं. मी सुट्टीले यायचो, तू भाजी चिरताना दिसायची. मी कधी मागच्या खोलीत पाह्यलंच नाई. ज्याले सूर समजते म्हून लोक बोलावते, त्याले..."

"मी सांगितलं होतं तुले, मले समजत नाई म्हून."

"पर ऐकवलं काऊन नाई मी हे पुस्तक तुले? थे माह्यंच होतं. मले माहीत होतं तुले दुखंल. म्हूनच नाई ऐकवलं." तो ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. "गोंडपिपरीचं मी दीड ओळीत लिहिलं, आपा. दीड ओळीत..."

नजमा त्याच्याजवळ येऊन बसली. त्याचे केस पिकले होते. हात उचलून ती क्षणभर थांबली, आणि मग तिने तो त्याच्या पाठीवर ठेवला, लहानपणी तो तापाने फणफणला की ठेवायची तसा.

"चपला काढ पहिले," ती म्हणाली. "नुकतंच सारवलं हाये."

तो रडता रडता हसला. चपला काढून आत आला, वही उघडली, पाचवं गाणं काढलं आणि त्याच्यावर आडवी रेघ मारू लागला. तिने त्याचा हात धरला.

"सगळं नको खोडू. चाल चांगली हाये."

"मंग?"

"दुसरी ओळ काढ, अन् खालची कोयल-कोंबडी बी. बहिरी नाई मी." जरा थांबून ती म्हणाली, "तुसडी राहू दे. तेवढं तुहं खरं हाये."

त्याने 'कान दोन पर सूर नाई' ही ओळ खोडली, मग कोयल-कोंबडीच्या दोन्ही. हळूहळू, एकेका अक्षरावरून पेन नेत. मग वहीचं कोरं पान काढलं. नाटकाचा शेवटचा अंक आता पुन्हा लिहायला हवा होता. "अब्बांचं काय लिहू?" त्याने विचारलं. "त्यांचा कान गेला होता, हे लिहिलं तं लोक... तू तं त्याच्याचसाठी सगळं केलं. नको म्हणशील तं नाई लिहीत."

तेवीस वर्षं सांभाळलेलं काहीतरी ती आता हातातून खाली ठेवत होती, आणि ठेवताना ते फुटू नये असंही तिला वाटत होतं.

"लिही," ती म्हणाली. "त्यायले ऐकू येत नव्हतं, लिही. पोरगी लावते हे माहीत होतं, लिही. थे भेले अन् पोरीले जाऊ दिलं नाई, हे बी लिही. लई मायाळू होते माहे अब्बा, थे तं तुले येतेच लिहिता." तिने कोरं पान त्याच्यापुढे सरकवलं. "फक्त गोड करू नको, जाहिद. मले तुह्यासमोर बसून ऐकायचं हाये थे. गोड केलं तं मी उठून जाईन."

तो लिहू लागला. पहिल्यांदाच तो चाल न शोधता लिहीत होता. गुणगुणत नव्हता, मधे मधे पेन थांबवून विचारत होता... कानस कोणत्या हाताने धरायची? पहिली पेटी कुणाची होती? त्या मास्तरचं नाव काय होतं? शेवटच्या प्रश्नाला तिने खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग नाव सांगितलं. इतक्या वर्षांत ते तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं.

"साडेचारच्या बसनं जाशील?" तिने विचारलं.

"नाई. दोन-चार दिवस राह्यतो म्हणतो. तुले चाललं तं."

ती आत गेली, आणि भाताच्या गंजात तिने आणखी दोन मुठी तांदूळ टाकले.